फोटू काढल्यावर ते किरण आंगात राह्यते का?

मागच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीला आठेक दिवस होते, शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाची पहिली वेचणी लागली होती, आणि या दिवसांत आमच्या एक्स-रे रूममधे एकाच गोष्टीचा सीझन असतो, मनगट. बाया ओटीत कापूस भरून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालतात, पाय सटकतो, पडता पडता माणूस हात टेकवतो आणि हाड मनगटाच्या जरा वर कटकन जातं. तशीच एक आजी आली, सत्तरीची असेल, सोबत पाच-सहा वर्षांची नात. हात कॅसेटवर, म्हणजे ज्यात फोटो उमटतो त्या चपट्या डब्यावर, ठेवला, लाईट पाडला, "आजी हालू नका" म्हटलं, पार्टिशनमागं गेलो, बटण दाबलं, झालं. दोन फोटो, पाच मिनिटांचं काम. जाता जाता आजी दारात थांबली आन म्हणे,

"भाऊ, ते लाईट मारलं तुमी, ते आंगात राह्यते का मंग? नातीले जवळ घेऊन झोपलं त चालते ना?"

बाहेर वीस पेशंट बसलेले. मी म्हटलं, काही होत नाही आजी, जा बिनधास्त. ती गेली, पण तोंडावरून दिसत होतं का तिला काही पटलं नाही. आणि खरं सांगतो, मलाही माझं उत्तर आवडलं नाही. बारा वर्षं झाली हे बटण दाबून राहिलो, आणि या प्रश्नाला "काही होत नाही" यापलीकडं आपण कधी उत्तरच दिलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. लांब होईल, आधीच सांगून ठेवतो.

आधी किरण म्हणजे काय ते. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत व्ह्यूर्झबुर्ग नावाच्या गावी राँटजेन साहेबांना हे किरण सापडले, आणि डिसेंबरात त्यांनी स्वतःच्या बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी. काय आहे ते माहीत नव्हतं म्हणून नाव दिलं एक्स, गणितातला क्ष असतो तसा, म्हणून मराठीत क्ष-किरण. आता माहीत आहे का हा प्रकाशच आहे, सूर्याचा असतो तोच, फक्त बम ताकदीचा. आणि प्रकाश हा पाण्याच्या धारेसारखा सलग येत नाही, दाण्यादाण्यानं येतो. एकेक दाणा म्हणजे एक फोटॉन. प्रत्येक दाण्याच्या खिशात ठरलेली एनर्जी असते, ती केईव्हीमधे मोजतात, एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. दिसणाऱ्या प्रकाशाच्या दाण्याकडे दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, आमच्या मशीनमधून निघणाऱ्याकडे तीस हजार, पन्नास हजार, साठ हजार. म्हणजे फरक चार आण्याचा नाही.

कॉलेजात सरांनी फळ्यावर तीन नावं लिहिली होती, फोटोइलेक्ट्रिक, कॉम्प्टन, पेअर प्रॉडक्शन, खाली आकृत्या, आणि आम्ही ते पाच मार्काला पाठ केलं आणि विसरलो. मला ते समजलं बऱ्याच उशिरा, आणि समजलं ते सोमवारच्या बाजारामुळं.

असं समजा का फोटॉन हा खिशात साठ रुपये, म्हणजे साठ केईव्ही, घेऊन आठवडी बाजारात शिरलेला माणूस आहे. बाजार म्हणजे तुमचं शरीर, दुकानं म्हणजे अणू. बाजार म्हटलं तर गच्च दिसतो पण दुकानादुकानात बम जागा असते, त्यामुळं काही जण कोणाकडे न बघता या टोकानं शिरून त्या टोकानं बाहेर पडतात, साठचे साठ रुपये खिशात तसेच. हे सरळ निघून गेलेलेच फिल्मवर जाऊन काळं करतात. बाकीच्यांचं तीनपैकी एक काहीतरी होतं.

एक, माणूस एका दुकानात शिरतो आणि साठच्या साठ रुपये तिथंच उडवतो. संपला. तो माणूस बाजारात उरतच नाही, त्याच्या पैशावर दुकानातला एक पोट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉन, दुकान सोडून पळतो. हा फोटोइलेक्ट्रिक. १९०५ साली आइनस्टाईननं सांगितलं हे असं होतं म्हणून, आणि १९२१ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं, लोकांना वाटतं सापेक्षतावादासाठी, तसं नाही.

दोन, माणूस एका हातगाडीशी धडकतो, सहा रुपये तिथं जातात, आणि धडकेनं त्याची दिशाच बदलते. उरलेले चौपन्न घेऊन तो भलत्याच गल्लीत शिरतो. हा कॉम्प्टन. आकडा मी हवेतून नाही घेतला बरं का, साठ केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तर त्याच्याकडे खरंच चौपन्नच्या आसपास उरतात, आणि आला तसा उलटा फिरला तरी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास उरतात. म्हणजे भटकला तरी कंगाल होत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं सगळी भानगड यावरच आहे. आर्थर कॉम्प्टननं १९२३ मधे हे दाखवलं, ग्रॅफाइटवर एक्स-रे मारून, वळलेल्या किरणांची ताकद कमी झालेली मोजून, आणि १९२७ ला त्यालाही नोबेल.

तीन, ओळखीचा भेटतो, राम राम होतो, एक पैसा खर्च होत नाही, फक्त जरासा रस्ता बदलतो. हे रॅले. आमच्या कामात हे थोडंच होतं, सोडून देऊ.

आणि पेअर प्रॉडक्शन? त्याला खिशात कमीत कमी १०२२ रुपये लागतात, म्हणजे १०२२ केईव्ही. आमचं मशीन पूर्ण ताणलं तरी सव्वाशेच्या वर जात नाही. तेवढे पैसे घेऊन आमच्या बाजारात कोणी येतच नाही, म्हणून आमच्या रूममधे हा प्रकार होतच नाही. ते नागपूरला. पुढं सांगतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कोणता माणूस कोणत्या दुकानात सगळे पैसे उडवेल हे कशावर ठरतं? फोटोइलेक्ट्रिकला घट्ट बांधलेला इलेक्ट्रॉन लागतो. सुट्टा इलेक्ट्रॉन अख्खा फोटॉन गिळूच शकत नाही, धक्क्याचा हिशोब बसत नाही, मागं खुंट्यासारखा जड गाभा लागतो जो तो धक्का घेईल. आणि ज्याचा अणुक्रमांक मोठा त्याचे आतले इलेक्ट्रॉन जास्त घट्ट बांधलेले. म्हणून अणुक्रमांक दुप्पट झाला तर फोटोइलेक्ट्रिक दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं, तिसऱ्या घातानं वाढतं. मांसात मुख्य ऑक्सिजन, क्रमांक ८. हाडात कॅल्शियम, २०, आणि फॉस्फरस, १५. ग्रॅमला ग्रॅम धरून नुसता कॅल्शियम आणि ऑक्सिजन घेतला तरी पंधरापट फरक पडतो. आपल्या फोटोत हाड पांढरं काऊन दिसते याचं उत्तर एवढंच आहे, हाडाच्या गल्लीत खर्चिक दुकानं जास्त, तिथं शिरलेले माणसं दुसऱ्या टोकाला पोचतच नाहीत, फिल्मवर तिथं काळं करायला कोणी नाही. एक्स-रे हा खरं तर न पोचलेल्यांचा फोटो आहे.

याचा एक किस्सा आहे. एका बाबाजीचा छातीचा एक्स-रे काढला, खोकला होता, टीबीची शंका. फोटोत डाव्या बाजूला, बरोबर फुप्फुसावर, बोराएवढा पांढरा डाग. डॉक्टर साहेब गंभीर, बाबाजीचा मुलगा माझ्याकडे बघून राहिला. मला डागाची कड लै सरळ वाटली, अंगातल्या डागाची कड अशी नसते. विचारलं, बाबाजी, आतून काय घातलं? शर्ट काढला होता त्यांनी पण बंडी तशीच होती, आणि बंडीच्या आतल्या खिशात चुन्याची पुडी, तंबाखूसोबतची. चुना म्हणजे कॅल्शियम. हाडात जे तेच पुडीत, फोटॉनला काय माहीत हे हाड आहे का चुना, तो तर क्रमांक बघतो. बंडी काढून परत घेतला, फुप्फुस साफ. बाबाजी म्हणे, "म्हंजे मी हाडं खिशात घेऊन फिरतो का बे?" चूक माझी होती, बंडी काढायला लावायला पाहिजे होती, एक एक्सपोजर फुकट गेलं त्यांचं.

पोटाच्या फोटोला बेरियम पाजतात तेही याचसाठी, क्रमांक ५६. आणि रंगाच्या इंजेक्शनमधे आयोडीन, ५३. त्यांच्या सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला आयोडीनमधे ३३ आणि बेरियममधे ३७ केईव्ही लागतात, आणि आमच्या मशीनमधून निघणाऱ्या दाण्यांची गर्दी नेमकी त्याच्याच आसपास असते. एवढं जुळून येते का आपण खास या मशीनसाठी बनवले म्हणावं.

आता सायबाची, म्हणजे शेठजीची गोष्ट, जिच्यामुळं मला कॉम्प्टन कळला. तेव्हा आमच्याकडे डार्करूम होती, लाल बल्ब, डेव्हलपर, हायपो, उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उकडून निघायचा. मी नवीन. गावातले एक शेठजी कंबरदुखीचे आले, देह मोठा, आडवं झोपवून माप घेतलं तर सत्तावीस सेंटिमीटर. बकी, म्हणजे टेबलाखालची तिरके किरण अडवणारी जाळी, जाम झाली होती, तक्रार लिहून दोन महिने झाले होते, तर मी कॅसेट सरळ टेबलावर त्यांच्या खाली ठेवली आणि ७५ केव्हीनं, म्हणजे ७५ हजार व्होल्टनं, मारलं. फिल्म धुऊन काढली तर मणके कुठं आणि काय, सगळं राखाडी, धुक्यात गावाकडची एसटी दिसावी तसं. मला वाटलं किरण आरपार जाऊन नाही राहिले, ताकद वाढवा. ९० केव्ही. आणखी राखाडी. तिसऱ्यांदा आणखी वाढवणार होतो तेवढ्यात डॉक्टर आले आणि माझी जी काढली ती बाहेर रांगेतल्या लोकांनी ऐकली.

काय झालं होतं? दोन गोष्टी. पहिली, सरळ जाणारे मोजा. असल्या ताकदीला पाण्यात, म्हणजे मांसातही जवळपास तेवढंच, साधारण दर तीन सेंटिमीटरला निम्मे फोटॉन कमी होतात. तीनला निम्मे, सहाला पाव, नऊला आठवा हिस्सा. सत्तावीस म्हणजे नऊ वेळा निम्मे, पाचशे बारात एक. शेठजीच्या अंगात पाचशे बारा शिरले तर सरळ चालत एकच बाहेर. आणि बाकीचे पाचशे अकरा? ते सगळे गिळले नाही गेले. त्यातले बम जण हातगाड्यांना धडकून भटके झाले आणि खिशात भरपूर पैसे घेऊन भलत्याच जागेवरून बाहेर पडले. फिल्मला हे कळत नाही का हा सरळ आला का भटकत आला, ती काळी होते. जाड पोटाच्या फोटोत मधे काही आडवं नसलं तर फिल्मवर पोचणाऱ्या दर दहातले आठ-नऊ असे भटके असू शकतात. म्हणजे सांगणारा एक आणि गोंगाट करणारे नऊ.

दुसरी गोष्ट, मी जी ताकद वाढवली ना, त्यानं आजार वाढवला. एनर्जी दुप्पट केली तर फोटोइलेक्ट्रिक साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. कॉम्प्टन मात्र तेवढा पडत नाही, हळूहळू कमी होतो. मांसात पंचवीस-तीस केईव्हीच्या खाली गिळणारे जास्त, त्याच्यावर गेलं का भटकणारे जास्त. आणि कॉम्प्टनला घट्ट बांधलेला इलेक्ट्रॉन नको, त्याला सैल बाहेरचाच चालतो, आणि इलेक्ट्रॉन तर सगळ्यांकडे असतात, हायड्रोजन सोडला तर एक ग्रॅम हाडात आणि एक ग्रॅम मांसात जवळपास सारखेच. म्हणजे कॉम्प्टन हाड आणि मांस यात भेदभावच करत नाही, फार तर वजनदार कोण तेवढं बघतो. मी केव्ही वाढवून भेदभाव करणारा गडी कमी केला आणि न करणारा वाढवला, आणि मंग विचारून राहिलो हाड दिसत काऊन नाही.

ही एवढी गोष्ट कोणी मला पहिल्या दिवशी सांगितली असती तर शेठजीचे दोन एक्सपोजर वाचले असते आणि माझी इज्जत.

नंतर बकी दुरुस्त झाली. आम्ही सगळे त्याला बकी बकी म्हणतो, टेबलाचा एक भाग असल्यासारखं, मला तर बरेच दिवस वाटायचं बकेटवरून काही नाव असेल. तर गुस्ताव बकी नावाचा खराखुरा जर्मन डॉक्टर होता, १९१३ साली त्यानं पेशंट आणि फिल्मच्या मधे शिशाच्या पट्ट्यांची जाळी ठेवायची युक्ती काढली. घरामागं तुराट्याचं कुंपण असतं ना, समोर उभं राहिलं तर फटीतून पलीकडचं दिसतं, तिरकं बघितलं तर नुसती भिंत. तसंच. सरळ येणारा फटीतून जातो, तिरका येणारा भटका शिशावर आपटून संपतो. शिशाचा क्रमांक ८२, तिथं शिरलेल्याचे पैसे परत येत नाहीत. पण जाळीचीही किंमत आहे, काही सरळवालेही पट्टीवर मरतात म्हणून एक्सपोजर वाढवावं लागतं, आणि जाळी जरा तिरकी बसली का फोटोची एक बाजूच गायब. फुकट काही मिळत नाही. जाळीपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे लाईटची चौकट लहान करणं आणि पोट पट्ट्यानं दाबून पातळ करणं, कमी मांस तर कमी भटके. शेठजीचा शेवटचा फोटो तसाच काढला, मणका न् मणका मोजून घ्या.

यातूनच मला जी गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते ती कळली. लोकं मशीनला घाबरतात. नवीन शिपाई येतो तो ट्यूबकडे बघत भिंतीला चिकटून चालतो, बंद असली तरी. अरे बाप्पा, मशीन तर शिशाच्या डब्यात आहे, चौकटीतून निघते तेवढंच, आणि तेही सगळं पेशंटकडे. आम्हाला जे लागतं ते पेशंटकडून लागतं. बटण दाबलं का तेवढ्या क्षणभर पेशंटच दिवा होतो, त्याच्या अंगातून भटके चहूकडे निघतात. आम्हाला शिकवलेला अंदाज असा का पेशंटवर जेवढं पडतं त्याच्या साधारण हजारावा हिस्सा एक मीटरवर बाजूला उभ्या माणसाला लागतो. दोन मीटरवर गेला तर त्याच्याही पाव. म्हणून जाडा पेशंट आमच्यासाठी जास्त तापदायक, त्याला ताकदही जास्त लागते आणि भटकेही जास्त. आणि म्हणून ॲप्रन मशीनकडं तोंड करून नाही, पेशंटकडं तोंड करून घालायचा. अर्धा मिलिमीटर शिशाचा ॲप्रन असल्या भटक्यांपैकी शंभरातले नव्वदच्या वर अडवतो. वजन मात्र असं का संध्याकाळी खांदे बोलतात.

तर आजी, तुमचं उत्तर.

ट्यूबपासून टेबलापर्यंत एक मीटर. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हा एक मीटर त्याला तीन नॅनोसेकंदाचा, सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातले तीन. जो गिळला गेला तो गिळला गेला, भटकला तो भिंतीत जाऊन संपला, गेला तो कॅसेटमधे. मी बटण सोडलं तेव्हा खोलीत एकही उरला नव्हता. बल्ब बंद केल्यावर खोलीत उजेड जमा राहतो का? तसंच. अंगात किरण नाही राहत, नातीला पोटाशी घेऊन झोपा.

पण काहीच होत नाही असं मी म्हटलं ते खोटं होतं. तो पळालेला पोट्टा असतो ना, इलेक्ट्रॉन, खरी तोडफोड तो करतो. फोटॉन एकदा धडकून मोकळा, पण तीस केईव्हीचा इलेक्ट्रॉन केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात थांबतो आणि तेवढ्यात वाटेत शेकडो अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो, हवेत मोजलं तर एक इलेक्ट्रॉन उडवायला सरासरी चौतीस इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, करा हिशोब, जवळपास नऊशे. त्यात कधी पेशीतल्या डीएनएचा धागा तुटतो. पेशी तो बहुतेक वेळा सांधते, कधी चुकीचा सांधते. छातीच्या एका फोटोचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, आणि जमिनीतून, आभाळातून, खाण्यातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिळतोच, म्हणजे तीन दिवसांचा. मनगटाचा तर त्याहून कमी. घाबरायचं काम नाही, पण "भाऊ दोन्ही हाताचा काढून टाक, आलोच हाव त" असं म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो ते यासाठी.

आणि गंमत अशी का राहत नाही म्हटलं तरी एका जागी राहतं. डार्करूम गेली, आता आमच्याकडे सीआर, म्हणजे कॉम्प्युटेड रेडिओग्राफी, आहे. त्या कॅसेटमधल्या प्लेटवर बेरियमचा एक क्षार असतो, फोटॉननं उडवलेले इलेक्ट्रॉन त्यात खड्ड्यात पडल्यासारखे अडकून बसतात. नंतर मशीन लाल लेसर फिरवतं, ते खड्ड्यातून निघतात, निघता निघता निळा उजेड देतात, आणि तो उजेड मोजून फोटो बनतो. माझ्या छातीवरच्या बॅजमधेही तसंच, कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, दर तीन महिन्यांनी जातात, तिथं तापवल्या का जेवढा उजेड देतील तेवढं मला लागलेलं. म्हणजे आजीचं पूर्ण चुकलं नव्हतं, राहिलं होतं, फक्त आंगात नाही, डब्यात.

नागपूरचं सांगतो म्हटलं होतं. आमच्याकडचे कॅन्सरचे पेशंट नागपूरला किंवा सेवाग्रामला "लाईट" घ्यायला जातात, कोणी शेक म्हणतं. तिथले फोटॉन वेगळ्या औकातीचे, कोबाल्टचे ११७३ आणि १३३२ केईव्ही, नव्या मशीनचे तर त्याहूनही वरचे. तिथं फोटोइलेक्ट्रिक जवळपास संपलं, सगळा कारभार कॉम्प्टनचा, म्हणून हाड आणि मांस डोस जवळपास सारखाच घेतात, आणि ते तिथं चांगलंच आहे, कारण हाडामागची गाठही मारायची असते. शिसंही तिथं मिलिमीटरनं नाही पुरत, कोबाल्टचे निम्मे अडवायलाच सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लागतं, म्हणून भिंती एवढ्या जाड. आणि नव्या मशीनमधे ते १०२२ वालं थोडंथोडं सुरू होतं, फोटॉन अणूच्या गाभ्याजवळून जाता जाता स्वतःच संपतो आणि त्याच्या पैशातून दोन जण जन्मतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक त्याचा उलटा भाऊ पॉझिट्रॉन. हा उलटा भाऊ १९३२ मधे अँडरसननं बघितला. तो फार जगत नाही, पहिला इलेक्ट्रॉन भेटला का दोघंही संपतात आणि ५११-५११ चे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. पेट स्कॅन म्हणतात त्यात याच जोड्या पकडतात. उजेडातून वस्तू आणि वस्तूतून परत उजेड, मला अजूनही हे वाचलं का दोन मिनिटं शांत बसावं लागतं.

किरणांना घाबरणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना आणखी एक सांगतो. टीएयू-१ उडीद पेरला असेल ना कधी? टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू उडीद. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचं आणि अकोल्याच्या आपल्या कृषी विद्यापीठाचं काम, १९८५ चं. टीएजी-२४ भुईमूगही त्यातलाच, १९९१ चा. बियाण्यावर किरण मारून जे फरक पडले त्यातले कामाचे निवडून, संकर करून केलेले वाण. किरण बियाण्यात राहिले नाहीत, बदल तेवढा राहिला. त्या उडदाचं वरण खाऊन आपण मोठे झालो.

आता आजीचं पुढचं. संक्रांत झाली होती, प्लास्टर निघून हात ठीक झाला होता, आणि ती परत आली, यावेळी नात पेशंट. बैलगाडीच्या धुऱ्यावरून, आमच्याकडे गाडीच्या दांड्यालाही धुराच म्हणतात, तिथून उडी मारली, कोपरापाशी सूज. पोरगी रडून राहिली, हात कोणाला लावू देत नव्हती, आई शेतात. धरायला आजीच. मी ॲप्रन आणला तर म्हणे, हे काऊन मले, मले कुठं लागलं?

म्हटलं आजी, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना. किरण अंगात राहत नाही. पण मी बटण दाबीन तेव्हा पोरीच्या अंगातून थोडे इकडंतिकडं उडतील, ते तुम्हाला लागू नये म्हणून.

"माह्या पोरीच्या आंगातून? मले?"

"हो, जरासे."

ती थोडी हसली. "मंग लागू दे ना बाप्पा." पण घातला ॲप्रन, मीच मागून बांधला, ती वाकली त्या वजनानं. पोरीला म्हटलं चिमणी दिसते का बघ त्या डब्यात, ती बघायला लागली, पार्टिशनमागं पळालो, बटण दाबलं.

घाईत चौकट मोठी राहिली माझी, अशी राहायला नको होती. स्क्रीनवर फोटो आला, पोरीचं कोपर, हाड शाबूत, वाढीच्या वयातल्या फटी मात्र स्पष्ट. आणि एका कोपऱ्यात आजीची दोन बोटं, आणि मनगटावरच्या काचेच्या बांगड्यांच्या तीन पांढऱ्या रेघा, आणि बांगड्यांच्या जरा वर हाड जुळलं होतं तिथली गाठ.

डॉक्टरांनी विचारलं, हा हात कोणाचा आला मधे?

म्हटलं आजीचा. चांगला जुळला सर, बघा.